दुगाडचा सेनापती : एका पराभवाची चौकशी



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यांच्या नावाने बोलायचं तर एखाद्या विजयावर बोलणं सोयीचं होतं. चिमाजीअप्पांनी जिंकलेली वसई आहे, शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतलेलं आपलं कल्याण आहे. टाळ्यांची सोय तिथे आपोआप होते. मी मात्र आज हरलेल्या माणसावर बोलणार आहे. तो इथेच, आपल्याच जिल्ह्यात हरला आणि इथेच पडला. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीच्या वाटेवर दुगाड नावाचं गाव आहे. १२ डिसेंबर १७८० च्या सकाळी त्या गावाजवळच्या टेकाडांवर मराठ्यांचा एक सेनापती मारला गेला. त्याचं नाव रामचंद्र गणेश कानडे.

हात वर करायला सांगत नाही. पण वज्रेश्वरीला जाऊन आलेले या सभागृहात कितीतरी असतील, आणि त्या वाटेवर कोण पडला हे माहीत असलेले किती? हा दोष तुमचा नाही. पराभूत सेनापतीचं काय करायचं याच्या आपल्याकडे दोनच रीती आहेत. तो फार मोठा असेल तर त्याला हुतात्मा करायचं, आणि मधल्या उंचीचा असेल तर विसरून जायचं. दोन्हींत एक गोष्ट टळते. ती म्हणजे चौकशी. तो का हरला, कुणामुळे हरला, त्यात त्याचं किती आणि इतरांचं किती? आज आपण तेवढंच करू. आरोप नको, आरती नको. चौकशी.

आधी जागा समजून घेऊ. इथून रोज गाडी पकडणाऱ्यांना हे सांगायला नको की कल्याणला रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. एक थळघाटाचा, दुसरा बोरघाटाचा. हे फाटे इंग्रज इंजिनियरांनी आखले खरे, पण सह्याद्रीने ते फार आधी ठरवून ठेवले होते. देशावरून कोकणात उतरायचं किंवा बंदरावरचा माल वर न्यायचा, तर कल्याणला वळसा घालून चालत नाही. समोर खाडी, खाडीपलीकडे साष्टी, साष्टीच्या टोकाला मुंबई आणि उत्तरेला वसई. ज्याच्या हातात ठाणे, कल्याण आणि वसई, त्याच्या हातात मुंबईचा तांदूळ, गवत, लाकूड आणि महसूल. मुंबईच्या इंग्रजांना हे चांगलं कळत होतं. बेट त्यांचं, पण चूल पेटायची ती आपल्या भातावर.

म्हणून त्यांनी आधी ठाणं घेतलं. आज जिथे ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आहे, तो मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी हल्ला करून घेतला. त्या वेळी पुण्यात काय चाललं होतं? पेशवे नारायणरावांचा खून होऊन वर्ष उलटलं होतं. त्यांचे काका राघोबादादा गादीसाठी इंग्रजांच्या दाराशी गेले होते. पुढे मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, त्यानंतर पुरंदरचा, मग पुन्हा लढाई. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज बोरघाट चढून तळेगावापर्यंत आली, मागे फिरली आणि वडगावला शरण आली. तो आपला विजय. तो पाठ्यपुस्तकात आहे, आणि असायलाही हवा.

पण वडगावने लढाई संपली नाही. बंगालहून निघालेल्या फौजेचा इंग्रज सेनापती गॉडार्ड अर्धा हिंदुस्थान ओलांडून सुरतेला पोहोचला. १७८० च्या मे महिन्यात इंग्रजांनी कल्याण घेतलं. मराठ्यांनी ते परत घ्यायला वेढा टाकला, तेव्हा हार्टली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रात्री छापा घालून तो वेढा उधळला. जेम्स हार्टली हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे. पावसाळा संपला तसा गॉडार्ड नोव्हेंबरच्या मध्यावर वसईसमोर येऊन उभा राहिला, आणि घाटाकडून येणारी मराठ्यांची कुमक अडवायचं काम हार्टलीवर सोपवलं गेलं.

ती कुमक घेऊन जे उतरले, त्यांत प्रमुख होते रामचंद्र गणेश.

कोण होता हा माणूस? वाट चुकून कोकणात उतरलेला नवखा सरदार? मुळीच नाही. पानिपतानंतर आठ वर्षांनी, १७६९ मध्ये, थोरल्या माधवरावांनी उत्तरेत मोठी मोहीम पाठवली. पानिपताने गेलेली पत परत मिळवायची होती. त्या मोहिमेचे प्रमुख रामचंद्र गणेश होते. सोबत विसाजी कृष्ण बिनीवाले, महादजी शिंदे, तुकोजी होळकर. एप्रिल १७७० मध्ये मथुरा-गोवर्धनाच्या परिसरात त्यांनी जाटांचा पराभव केला. पानिपतावर अब्दालीला आणणारा नजीबखान रोहिला त्याच साली मेला. दिल्लीचा रस्ता मोकळा झाला होता.

पण मोहिमेला आतून वाळवी आधीच लागली होती. नजीबाशी तडजोड करावी की त्याला मुळासकट उखडावं यावर महादजी आणि तुकोजी यांचं एकमत नव्हतं. रामचंद्रपंत आणि विसाजीपंत यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एका घरात चार कारभारी झाले की स्वयंपाक कुणी करायचा यावरच सकाळ जाते. तक्रारी पुण्याला गेल्या. माधवरावांनी रामचंद्रपंतांना परत बोलावलं आणि मोहीम विसाजीपंतांच्या हाती दिली. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणात दिल्लीत आला, पाठोपाठ रोहिल्यांचा पत्थरगड पडला. विसाजीपंत परत आले तेव्हा त्यांच्यावर सोन्याची फुलं उधळली, असं सांगतात.

सुरुवात एकाने केली, फुलं दुसऱ्याला मिळाली. यात अन्याय झाला का? मला तसं ठामपणे म्हणता येणार नाही. ज्याला सहकाऱ्यांशी जमवून घेता येत नाही, त्याला माधवरावांनी बाजूला केलं असेल तर राज्यकर्ता म्हणून ते बरोबरच होतं. पण एक गोष्ट नोंदवून ठेवू. कर्तबगारी असूनही अधिकार वाटलेला असला, की माणूस कसा अडकतो याचा अनुभव रामचंद्रपंतांना दुगाडच्या दहा वर्षं आधीच आला होता.

आता दुगाडला येऊ.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. वसईवर गॉडार्डच्या तोफा २८ नोव्हेंबरपासून चालू होत्या. मराठ्यांची फौज घाट उतरून कल्याणच्या बाजूने सरकत होती. तिच्यात रामचंद्र गणेश होते, हरिपंत फडके होते, परशुरामभाऊ पटवर्धन होते. इंग्रजांच्या लेखी तिचा आकडा वीस हजारांचा. जिंकणाऱ्याच्या कागदात शत्रू नेहमी जरा जास्त भरतो, तेव्हा थोडी वजावट करा. तरीही हार्टलीच्या तुकडीपेक्षा ती कितीतरी मोठी होती यात वाद नाही. हार्टलीने कल्याणची बाजू सोडली आणि दुगाडच्या टेकाडांवर जागा धरली. समोरून येणाऱ्याला वसईकडे जायचं तर त्याला ओलांडून जावं लागेल, अशी जागा.

१० डिसेंबरला मराठ्यांनी हल्ला केला. पुढून केला, मागून केला. टेकाडं हलली नाहीत. ११ तारखेला पुन्हा. दोन्हीकडची माणसं पडली, इंग्रजांचे अधिकारीही पडले, पण टेकाडं हलली नाहीत. त्या रात्री हार्टलीने बाजूच्या उंचवट्यांवर आडोसे उभे केले आणि तोफा चढवल्या. उद्या कुठून येतील याचा त्याला अंदाज आला होता.

१२ तारखेची पहाट दाट धुक्याची होती. डिसेंबरात वज्रेश्वरीकडे गेलेल्यांना ते धुकं माहीत आहे, तानसेच्या काठाने हात दिसत नाही असं. रामचंद्रपंतांनी त्याच धुक्याचा फायदा घ्यायचं ठरवलं. समोरून हरिपंतांनी दाब द्यायचा आणि बाजूच्या उंचवट्यावर स्वतः चढायचं. बरोबर निवडक पायदळ, अरब शिपाई आणि नरोन्हा नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखालची कवायती पलटण. बेत वाईट नव्हता. लोक चढत अगदी जवळ पोहोचले. आणि धुकं अचानक विरलं. समोरासमोर आलेल्या दोन्ही बाजू क्षणभर थबकल्या. मग वरच्या तोफा सुरू झाल्या. रामचंद्रपंत पडले, नरोन्हा जखमी झाला आणि सेनापती गेल्यावर फौज मागे फिरली.

इथवर ही वीरकथा आहे. आता तिच्यातली सर्वांत कडू गोष्ट सांगतो. ज्या वसईसाठी हे चाललं होतं, ती वसई आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, शरण आली होती. रामचंद्रपंत ज्या सकाळी टेकाड चढत होते, त्या सकाळी वाचवायला किल्लाच उरला नव्हता. चिमाजीअप्पांच्या दोन वर्षांच्या मोहिमेत हजारो माणसं खर्ची घालून जो किल्ला मिळाला, तो महिन्याभरात गेला.

तर चौकशीतला पहिला प्रश्न : उशीर का झाला?

रामचंद्रपंत आळशी होते म्हणून? त्या वर्षाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. महादजी माळव्यात गुंतले होते. ऑगस्टमध्ये ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला होता. दक्षिणेत म्हैसूरचा हैदरअली आपल्या बाजूने लढत होता, पण ते रणांगण फार दूर. पुण्याचा कारभार पाहणाऱ्या नाना फडणिसांना एकाच वेळी गुजरात, माळवा आणि कोकण सांभाळायचं होतं. शिवाय इंग्रजांच्या तोफा वसईला जहाजातून जात होत्या आणि आपल्याला प्रत्येक तोफ बैल जुंपून घाटाखाली उतरवायची होती. कोकणात भात कापून होईपर्यंत, शेतं वाळेपर्यंत घोडदळाचा उपयोग मर्यादित. समुद्र ज्याचा, त्याचं घड्याळ आठवडाभर पुढे. चिमाजीअप्पांच्या वेळी आरमारवाले मानाजी आंग्रे बाजूने होते. १७८० मध्ये वसईला समुद्राकडून मदत करील असं आरमार पुण्याच्या हाताशी नव्हतं. आंग्र्यांचं आरमार तर १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांच्या मदतीने विजयदुर्गाला जाळून घेतलं होतं. उशिराचा हिशेब मांडायचा तर त्यातली पहिली रक्कम चोवीस वर्षं जुनी आहे. ती रामचंद्रपंतांच्या नावावर कशी टाकणार?

दुसरा प्रश्न : हुकूम कोणाचा?

रामचंद्र गणेश, हरिपंत, परशुरामभाऊ. तिघेही मोठे, तिघांचे स्वतःचे लोक, स्वतःचे सरंजाम. अशी फौज पगारावर एका हुकमाने चालत नाही. मान राखून, मन वळवून चालवावी लागते. सेनापतीने अशा वेळी काय करायचं? हुकूम मानला जाईल याची खात्री नसेल तर एकच उपाय उरतो. स्वतः पुढे व्हायचं. मागचे लाजेने का होईना, येतात.

पण इंग्रजांकडे सगळं सुरळीत होतं असं समजू नका. ज्या हार्टलीने दुगाड राखलं, त्याला वरिष्ठांना डावलून बढती मिळाली होती. वडगावच्या माघारीत पिछाडी त्यानेच सांभाळली, त्याचं ते बक्षीस. ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी तक्रारी केल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या विलायतेतल्या संचालकांनी ज्येष्ठांची बाजू घेतली. जिंकलेला हार्टली नाराज होऊन मायदेशी गेला आणि पुढे राजाच्या सैन्यातून हुद्दा घेऊन हिंदुस्थानात परत आला. मानापमान तिकडेही होताच. फरक एवढाच की तिकडे त्यावरचं भांडण कागदावर झालं, लढाई संपल्यावर.

अशा मानापमानाचं याहून जुनं एक उदाहरण रशियात आहे. जरा लांबचा प्रवास आहे, पण कल्याणकरांना लांबच्या प्रवासाचं काय! सतराव्या शतकातल्या रशियात सेनापतिपद घराण्याच्या पायरीवर ठरत असे. कुणाचा आजोबा कुणाच्या आजोबाच्या वर बसला होता याच्या वह्या ठेवलेल्या असत, आणि खालच्या घराण्यातल्याच्या हुकमात राहायला उमराव नकार देत. या मंडळींत मिखाईल शेइन नावाचा एक सरदार होता. १६०९ ते १६११ या काळात त्याने स्मोलेन्स्कचा किल्ला पोलंडच्या राजाविरुद्ध वीस महिने लढवला. राष्ट्रवीर झाला. पुढे तोच किल्ला पोलंडकडून परत घ्यायला १६३२ मध्ये त्यालाच पाठवलं. रस्ते असे की वेढ्याच्या अवजड तोफा पोहोचायला मार्च १६३३ उजाडला. तोवर आतल्यांनी तग धरला, मग पोलंडचा राजा कुमक घेऊन आला आणि वेढा घालणारेच वेढ्यात सापडले. फेब्रुवारी १६३४ मध्ये शेइन शरण गेला. मॉस्कोला परतल्यावर एप्रिलमध्ये त्याचं डोकं उडवलं. किल्ला तोच, माणूस तोच. एकदा वीर, एकदा द्रोही.

पण डोकं उडवून रस्ते सुधारले का? तोफा लवकर पोहोचायला लागल्या का? घराण्यांच्या त्या वह्या जाळायला पुढे १६८२ साल उजाडलं. म्हणजे दोष वहीतही होता हे मान्य करायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. दरम्यान दोष माणसाच्या मानेवर टाकून सगळे मोकळे.

आणि कंपनीने वडगावनंतर काय केलं? कार्नाक, एगर्टन, कॉकबर्न या जबाबदार मंडळींना नोकरीतून काढलं. त्यात न्याय पूर्ण होता असं मी म्हणत नाही. पण पराभव झाला की कोण, काय, केव्हा हे विचारायचं आणि उत्तर लिहून ठेवायचं, ही सवय तिथे होती. दुगाडची तपशीलवार हकिगत आपल्याला मुख्यतः इंग्रजांच्या लिखाणातून मिळते, हे काय सांगतं? जिंकल्यावर आपण पोवाडे रचले. हरल्यावर लिहिलं कुणी?

तिसरा प्रश्न. हा रामचंद्रपंतांचा स्वतःचा आहे, आणि इथे मी त्यांना सूट देणार नाही : आडोसे आणि तोफा असलेलं टेकाड थेट का चढायचं?

दोन दिवस हल्ला करून पाहिला होता. दोन्ही दिवस फसला होता. मराठ्यांची ताकद कशात होती? रसद तोडण्यात, पिछाडीवर पडण्यात, शत्रूला थांबू न देण्यात. वडगाव त्यातूनच मिळालं. मग दुगाडला ती ताकद बाजूला का ठेवली? कारण वेळ नव्हता. रसद तोडायला आठवडे लागतात आणि वसईकडे दिवस उरले होते. म्हणजे पहिल्या प्रश्नातला उशीर तिसऱ्या प्रश्नातली चूक घडवतो. तरीही चूक ती चूक. सेनापतीने हाती तलवार घेऊन टेकाड चढावं हे ऐकायला थोर आहे. पण तो पडला की वीस हजारांचा हुकूम त्याच्याबरोबर पडतो. झालंही तेच. शौर्याचं मोल मी कमी करत नाही. मी इतकंच म्हणतो की तिथे शौर्याची कमतरता नव्हतीच. म्हणून शौर्य वाढवून तो निकाल बदलला नसता.

हे मी आज खुर्चीत बसून सांगतोय असं वाटेल. पण माझ्या बाजूने साक्ष द्यायला पुढचे चार महिने उभे आहेत. १७८१ च्या सुरुवातीला गॉडार्ड वसईच्या यशाने फुगून बोरघाटाच्या पायथ्याशी आला. पुण्याला धाक घालावा म्हणून. समोर हरिपंत आणि परशुरामभाऊ, दुगाडला होते तेच. पण आता ते टेकाडावर चढले नाहीत. घाट आणि पनवेल यांच्यामधल्या वाटेवर इंग्रजांच्या रसदीवर घाले घातले. दाणा अडवला, बैल अडवले. एप्रिलमध्ये गॉडार्डला पनवेलकडे माघार घ्यावी लागली आणि त्या माघारीत त्याची साडेचारशेहून जास्त माणसं ठार-जखमी झाली. तीच माणसं, तीच फौज, चार महिन्यांनी वेगळा निकाल. काय बदललं होतं? पद्धत. आणि घाईने वाचवायचा किल्ला उरला नव्हता, म्हणून वेळ होता.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. वसई परत मिळाली, कल्याण परत मिळालं. साष्टी आणि ठाणं मात्र इंग्रजांकडे राहिलं. दुगाडला जे गमावलं ते बोरघाटाने आणि तहाने परत आणलं. ठाण्याला १७७४ मध्ये जे गेलं ते कुणालाच परत आणता आलं नाही. त्यानंतर १८१७ पर्यंत, पस्तीस वर्षं, खाडीच्या एका काठावर कंपनीचं राज्य होतं आणि दुसऱ्यावर पेशव्यांचं. आज कळवा आणि ठाण्याच्या मध्ये गाडीतून खाडी ओलांडताना आपण मोबाईलमधून मान वर करत नाही, तिथून परका मुलूख सुरू होत असे.

मग रामचंद्र गणेश अपयशी का? होय. शब्द मऊ करायची गरज नाही. उत्तरेत सहकाऱ्यांना धरून ठेवण्यात ते कमी पडले आणि दुगाडला त्यांनी चुकीचा डाव खेळला. पण त्यांच्या खात्यावर तेवढंच लिहा. आरमार बुडवलं ते त्यांनी नाही. घरच्या भांडणात इंग्रजाला आणलं ते त्यांनी नाही. तीन सरदारांत एक हुकूम चालेल अशी फौज उभी केली नाही, तो दोष पुण्याच्या साऱ्या कारभाराचा. एका माणसाचा पराभव मोजताना त्याच्या वाट्याचं आणि इतरांच्या वाट्याचं वेगळं करणं, एवढंच इतिहासाच्या अभ्यासकाचं काम असतं. गुरुजी वर्गात हेच करत.

शेवटी एक मागणी आहे. आपल्याकडे ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. शाळांच्या सहली वसईला जातात, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर जातात. त्या एकदा दुगाडलाही जाऊ द्या. मुलांना तिथे उभं करा आणि जयजयकार करायला सांगू नका. त्यांना तिन्ही प्रश्न विचारा : उशीर का झाला, हुकूम कोणाचा, टेकाड का चढले? उत्तरं चुकली तरी चालतील. जी मुलं पराभवाला प्रश्न विचारायला शिकतील, ती उद्या नगरपालिकेत, कारखान्यात, सैन्यात कुठेही बसली तरी एखाद्या फसलेल्या कामानंतर बळीचा बकरा शोधणार नाहीत, आणि फोटोला हार घालूनही मोकळी होणार नाहीत. ती आधी विचारतील, हे असं का झालं? रामचंद्रपंतांचं स्मारक बांधायचं असेल तर ते असं बांधा.